इदाल्गो म्हणजे नेमका कोण? 'सद्गृहस्थ' काही पटत नाही

स्पॅनिशवेडी

नमस्कार मंडळी,

आमच्या स्पॅनिशच्या वर्गात सध्या सेर्व्हान्तेसच्या 'दोन किहोते'ची (इंग्रजीतला 'डॉन क्विक्झोट') सुरुवात वाचतोय. ला मांचातल्या कुठल्याशा गावात एक इदाल्गो राहत होता, असं पहिलंच वाक्य. शब्दकोशात इदाल्गोला 'सद्गृहस्थ, सभ्य गृहस्थ (जुना शब्द)' दिलंय. ठीक आहे म्हणून पुढे गेले, तर पुढच्याच वाक्यात या सद्गृहस्थांचा खानावळीसारखा तक्ता येतो: शुक्रवारी मसूर, रविवारी चैन म्हणून एखादं कबुतर. आणि एवढ्या जेवणातच उत्पन्नाचा पाऊण हिस्सा संपायचा! भाला मांडणीवर, ढाल जुनाट, घोडा हडकुळा.

म्हणजे ना पैसा, ना काम, ना अधिकार. मग याला वेगळा शब्द कशासाठी? दुसरं, १६०५च्या पहिल्या भागाच्या शीर्षकात 'कल्पक इदाल्गो' आहे आणि १६१५च्या दुसऱ्या भागात 'कल्पक काबाल्येरो'. काबाल्येरोचा अर्थही कोशात सद्गृहस्थच! मग बदल का? आणि आजच्या स्पेनमध्ये कुणी कुणाला इदाल्गो म्हणतं का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरकस

घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा. झालं भाषांतर. धागा बंद करा.

चिवडा

@तिरकस, =)) +१

पण तो 'हिडाल्गो' ना? त्याच नावाचा घोड्याचा इंग्रजी सिनेमा पाहिलाय.

पोथीनिष्ठ

स्पॅनिशमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा ह लिहितात, उच्चारत नाहीत. म्हणून इदाल्गो. आणि तो मुका ह मुळात फ होता. लॅटिनमधला फ कॅस्टिलच्या (स्पेनमधलं जुनं राज्य) बोलीत ह झाला आणि मग विरून गेला. मुलगा आधी 'फिहो' होता, आता 'इहो'. शेजारच्या पोर्तुगीजांनी मात्र फ जपला, म्हणून त्यांचा 'फिदाल्गो'. दोन्हींच्या मुळाशी 'फिहो दाल्गो', म्हणजे 'अल्गोचा पुत्र'. आज 'अल्गो' म्हणजे नुसतं 'काहीतरी'. त्यामुळे 'काहीतरीचा मुलगा' असा विनोदी अर्थ निघतो. मध्ययुगीन कॅस्टिलियनमध्ये मात्र अल्गो म्हणजे मालमत्ता, चीजवस्तू, बरं काहीतरी. तेराव्या शतकात दहाव्या आल्फोन्सो राजाने 'सिएते पार्तिदास' हा कायदेग्रंथ करवून घेतला, त्यातही 'इहोस दाल्गो' म्हणजे 'चांगल्याचे पुत्र' असाच खुलासा आहे. आमेरिको कास्त्रो या इतिहासकाराचं म्हणणं होतं की 'अमक्याचा पुत्र' ही घडणच अरबीच्या 'इब्न' वळणाची नक्कल आहे. सगळ्यांना ते पटलेलं नाही, मलाही फारसं नाही. पण अरबांची काही शतकं पाठीशी असलेल्या देशात हा विचार अगदीच हवेतलाही नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. इदाल्गो म्हणजे सभ्य वागणारा माणूस, हा अर्थ फार उशिराचा. चारशे वर्षांपूर्वीच्या गावात इदाल्गोची व्याख्या एका ओळीत मावायची: जो कर भरत नाही तो.

कॅस्टिलमध्ये सामान्य रयत जो थेट कर भरायची त्याला 'पेचो' म्हणत. ('पेचो' म्हणजे छातीसुद्धा, पण तो शब्द वेगळ्या मुळाचा. हा लॅटिन 'पाक्तुम', म्हणजे करार, यावरून आलाय.) पेचो भरणारा तो 'पेचेरो'. गावाच्या नोंदवहीत दोनच रकाने, पेचेरो आणि इदाल्गो. शिवाय इदाल्गोला सामान्य कर्जापायी तुरुंगात टाकता येत नसे. राहतं घर, घोडा, शस्त्रं यांवर सावकाराला जप्ती आणता येत नसे. मृत्युदंड झालाच तर फासावर लटकवायचं नाही, मान छाटायची. मरतानाही इभ्रत!

हा सगळा हक्क रक्तातून यायचा. खिसा रिकामा झाला तरी तो हक्क रिकामा होत नसे. किहोतेचं गणित इथे आहे. त्याच्याकडे बाकी काही नसलं तरी नोंदवहीतला तो रकाना आहे.

करसल्लागार

हे आमच्या धंद्यातलं निघालं म्हणून विचारतो. करमाफी मिळते म्हटल्यावर अर्धं गाव इदाल्गो व्हायला हवं. दाखला कोण द्यायचं? आणि कर न भरणं हाच पुरावा असेल तर एकदा चुकून भरला की संपलं?

पोथीनिष्ठ

@करसल्लागार, साहेब, नेमकं बोट ठेवलंत. अगदी तसंच होतं!

गावची पंचायत एखाद्याचं नाव पेचेरोंच्या रकान्यात टाकायची, कारण एक माणूस सुटला की त्याचा बोजा बाकीच्यांवर. मग तो माणूस थेट वायादोलिद किंवा ग्रानादाच्या राजन्यायालयात. तिथे खास इदाल्गोंच्या खटल्यांसाठी वेगळं दालन होतं. गावोगावचे म्हातारे साक्षीदार यायचे: याच्या बापाला, आज्याला मी ओळखत होतो, त्यांनी कधी पेचो भरला नाही, आमच्या थोरल्यांनीही तसंच सांगितलेलं. आपल्याकडच्या महजरातल्या (जुन्या निवाड्याच्या कागदातल्या) साक्षी वाचलेल्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. खटला वर्षानुवर्षं चालायचा. जिंकलं की चर्मपत्रावर लिहिलेलं निकालपत्र मिळायचं, त्याला 'एखेकुतोरिया' म्हणत. पैसेवाले त्यावर रंगीत चित्रं, सोन्याचा मुलामा करून घेत. आज संग्रहालयांत ती फार देखणी दिसतात. वायादोलिदच्या त्या न्यायालयाचं दप्तर अजून जपलेलं आहे आणि घराण्याचा शोध घेणारे लोक तिथे खेटे घालतात.

सेव्हिल शहराची पद्धत तर तुम्हाला आवडेल. तिथे मांसावर किरकोळ कर होता. भरायचा सगळ्यांनी, मात्र इदाल्गोला नंतर परतावा मिळायचा. रक्कम क्षुल्लक, पण ती परत मिळाली की इदाल्गो असल्याचा लेखी पुरावा हातात! लोक पैशांपेक्षा त्या नोंदीसाठी धडपडायचे.

राजाला पैशांची चणचण असायची तेव्हा इदाल्गीची सनद विकतही मिळे. पण गिऱ्हाईक तुटपुंजं. कारण विकत घेतलेली इदाल्गी विकत घेतलेलीच दिसते. त्यापेक्षा हाताशी चार साक्षीदार धरून 'आम्ही पूर्वापार आहोत' असा निकाल मिळवणं चांगलं. अव्हिलाच्या संत तेरेसाचे वडील आणि काका यांनी १५१९ पासून असाच खटला लढवून जिंकला. त्यांचे वडील, म्हणजे तेरेसाचे आजोबा, मूळचे ज्यू, धर्मांतरित. १४८५ मध्ये तोलेदोत इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मचौकशी न्यायालयाने) त्यांना प्रायश्चित्त दिलेलं होतं. तरी निकाल इदाल्गो असल्याचाच लागला. कागद काय बोलतो आणि गाव काय बोलतं, यातलं अंतर यावरून समजावं.

करसल्लागार

परतावा मिळवण्यासाठी कर भरणारे लोक! माझ्या अशिलांना दाखवतो हे.

शेवंती

वाचनखूण साठवली. इदाल्गोंचे प्रकारही होते ना? कुठेतरी वाचलेलं अंधूक आठवतंय.

पोथीनिष्ठ

होते, आणि नावं भारी आहेत. ज्याचं मूळ घराणं, मूळ वाडा सर्वांना ठाऊक तो 'सोलार कोनोसिदो'चा इदाल्गो. खटला जिंकलेला तो एखेकुतोरियाचा.

'गोतेरा'चा इदाल्गो म्हणजे वळचणीचा. गोतेरा म्हणजे छपराची पागोळी. याचा मान फक्त त्याच्या गावात. गाव सोडून दुसरीकडे राहायला गेला की पुन्हा पेचेरो.

आणि 'ब्रागेता'चा इदाल्गो. ब्रागेता म्हणजे विजारीची पुढची फट. लग्नाच्या बायकोपासून सलग सात मुलगे झाले, मध्ये एकही मुलगी नाही, तर बापाला ही करमाफी. मुलींनी मध्ये येऊन बापाचा हक्क घालवायचा, म्हणजे बघा.

तिरकस

सातव्या वेळी मुलगी झाली तर त्या घरातलं वातावरण काय असेल, कल्पना करवत नाही.

खवट आजोबा

तुम्ही लोक कायद्यात रमलात, जरा पोटाकडे या. स्पॅनिश साहित्यातला खरा इदाल्गो बघायचा तर किहोतेच्या पन्नासेक वर्षं आधीच्या 'लासारियो'मध्ये. १५५४ सालचं पुस्तक, लेखक अनाम. लासारियो हा अनाथ पोऱ्या एकेक मालकाकडे चाकरी करतो. तिसरा मालक तोलेदोतला, कपडे झोकात, चाल डौलदार, कमरेला तलवार. पोऱ्याला वाटतं, सुटलो बुवा! घरी जातो तर घर रिकामं. खुर्ची नाही, पेटी नाही, खायला दाणा नाही. रात्री पोऱ्या भिक्षा मागून आणतो आणि मालक 'पाव छान दिसतोय रे' म्हणत त्यातलाच तुकडा मोडतो. दुपारी हाच गृहस्थ दारात उभा राहून काडीने दात कोरतो, जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटावं की भरपेट जेवलाय.

मूळ गाव वायादोलिदकडचं. ते का सोडलं? शेजारच्या सरदाराला टोपी आधी काढावी लागू नये म्हणून! शिवाय एका कारागिराने 'देव तुमचं भलं करो' असा नमस्कार केला म्हणून हे त्याच्यावर खवळलेले. असला नमस्कार हलक्या लोकांना करायचा, माझ्यासारख्याला 'आपल्या हातांचं चुंबन घेतो' म्हणायचं. गावी जमीनही होती म्हणे, तिच्यावर एक कबुतरखाना, तो पडका. शेवटी भाडं थकवून पसार. एरवी चाकर मालकाला सोडून पळतो, इथे मालकच चाकराला सोडून पळाला.

आता गंमत बघा. पोऱ्याला त्याचा राग येत नाही, दया येते. मागच्या मालकांकडे असूनही ते द्यायचे नाहीत. याच्याकडे नाहीच. पोऱ्या स्वतःहून त्याला खाऊ घालतो. मला ते अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात मोठं पान वाटतं. किहोतेवाले चिडतील, चिडोत.

स्पॅनिशवेडी

आजोबा, ती दात कोरायची काडी किहोतेतही आहे! दुसऱ्या भागात त्याच्या हिरव्या मोज्याचे टाके उसवतात, तिथे. लेखक कळवळून म्हणतो, दार लावून भिकार जेवायचं आणि रस्त्यावर निघताना दातकोरणीला ढोंग करायला लावायचं, असा हा खानदानी माणूस. आमच्या सरांनी ते पान मुद्दाम वाचून दाखवलं होतं.

पोथीनिष्ठ

सेर्व्हान्तेसला हे ऐकीव नव्हतं. १५५२ मध्ये त्याचे वडील रोद्रिगो वायादोलिदला कर्जापायी कैदेत पडले. त्यांचा दावा काय? मी इदाल्गो आहे, मला कर्जासाठी कोंडता येत नाही. साक्षीपुरावे होऊन सुटायला पुढचं वर्ष उजाडलं. सेर्व्हान्तेस तेव्हा पाच वर्षांचा.

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितेय. फिदाल्गो इथे अजून ऐकू येतो, आडनाव म्हणून आणि पणजीतल्या एका हॉटेलच्या नावात.

पोर्तुगिजांच्या काळातल्या जुन्या गोव्याचं वर्णन लिन्स्खोटेन या डच माणसाने केलंय. १५८३ पासून पाचेक वर्षं तो इथे आर्चबिशपच्या पदरी होता, पुस्तक १५९६चं. त्यात फिदाल्गो पालखीतून किंवा घोड्यावरून निघालेत, डोक्यावर गुलामाने छत्री धरलीय, मागे नोकरांची रांग. पण त्याच पुस्तकातले साधे शिपाई बघा. एका घरात दहाजण, मिळून एखादा गुलाम, उकडलेला भात खायचा. सगळ्यांत मिळून एक-दोन चांगले रेशमी पोशाख. एकजण तो घालून ऐटीत बाहेर पडला की बाकीचे घरात बसून, कारण घरात या हवेला कपडे लागतातच कुठे! आजोबांनी सांगितलेला तोलेदोचा माणूस इथे गटाने राहत होता म्हणायचा.

काही वर्षांनी आलेला पिरार नावाचा फ्रेंच दर्यावर्दी तर लिहितो की केप ऑफ गुड होपला वळसा घातला की हे सगळेच स्वतःला फिदाल्गो म्हणवून घेतात. लिस्बनला कोण होतास ते कोण विचारायला बसलंय.

सोपारकर

वसईकर या नात्याने भर घालतो. फिदाल्गोंची मोठी वस्ती आमच्याकडे, किल्ल्याच्या आत. आसपासची गावं त्यांना नेमून दिलेली, शेतसाऱ्यावर चैन. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि ती घराणी बायकामुलांसह बाहेर पडली. किल्ल्यातले पडके वाडे आणि चर्चमधल्या थडग्यांवरचे कोरीव लेख अजून बघायला मिळतात. पावसाळा संपल्यावर या, गवत कमी असतं.

तिरकस

थोडक्यात, आयतोबा. काम करायचं नाही, कर भरायचा नाही, वर टोपी कुणी आधी काढायची यावरून भांडायचं. असल्यांनीच स्पेन बुडवला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, दुसरं काय.

पोथीनिष्ठ

@तिरकस, इथे असहमत. हे चित्र कॅस्टिलच्या मधल्या आणि दक्षिणेच्या भागाला शोभतं. उत्तरेकडे चला. बिस्काय प्रांतात तर जन्माने प्रत्येक माणूस इदाल्गो, १५२६च्या तिथल्या कायद्यात तसं लिहिलेलंच होतं. शेतकरी, लोहार, कोळी, सगळे. किहोतेची एका बिस्कायवाल्याशी मारामारी होते तेव्हा तो मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये काय ओरडतो? 'जमिनीवर बिस्कायकर, समुद्रावर इदाल्गो, सैतानाकडेही इदाल्गो!' तिथल्या डोंगराळ भागातले इदाल्गो नांगर धरायचे, त्यांचा मान काही जात नसे. आणि गावातले बाकीचे सगळे इदाल्गोच असतील तर मान तरी कुणापुढे मिरवणार?

हाताने काम म्हणजे कमीपणा ही समजूत होती, नाही असं नाही. ती इतकी घट्ट होती की १७८३ मध्ये तिसऱ्या कार्लोसला फर्मान काढून सांगावं लागलं: चांभार, लोहार, शिंपी, सुतार, कातडी कमावणारे यांचे धंदे प्रतिष्ठित आहेत, त्यांनी कुणाचं कूळ बाटत नाही. चार वर्षांनी झालेल्या शिरगणतीत स्वतःला या वर्गात नोंदवणारे पावणेपाच लाखांहून जास्त निघाले, तेही बहुतेक उत्तरेत. हे सगळे काय दारात दात कोरत बसले होते?

तिरकस

ठीक. 'असल्यांपैकी काहींनी स्पेन बुडवला.' आता खूश?

शेवंती

अमेरिकेत गेलेल्यांचं काय? तिकडे तर सगळेच कुणीतरी व्हायला निघालेले.

पोथीनिष्ठ

बरोबर. पेरू जिंकणाऱ्या पिसारोबरोबर गायो बेटावर उपाशी टिकून राहिलेल्या तेरा जणांना १५२९च्या करारात राजाने इदाल्गो केलं, आणि जे आधीच इदाल्गो होते त्यांना एक पायरी वर, सोन्याच्या आऱ्यांचे (घोडा हाकायला टाचेला लावतात त्या) काबाल्येरो. १५७३ मध्ये दुसऱ्या फेलिपेने नवी वसाहत वसवणाऱ्यांना आणि त्यांच्या वंशजांना सरसकट इदाल्गोपद देऊ केलं. राजाला ते फुकटात पडायचं.

त्या कराराच्या भाषेत स्पॅनिशवेडीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. काबाल्येरो म्हणजे मुळात घोडेस्वार, आणि हुद्द्याने इदाल्गोच्या वरचा. त्याला घोडा, शस्त्रं, जमीन, पैसा हवा. 'राजा काबाल्येरो करू शकतो, इदाल्गो करू शकत नाही' अशी म्हण होती. काबाल्येरोपद मिळवता येतं, इदाल्गो जन्मावा लागतो (विकत मिळत होतं तरी म्हण टिकली, म्हणी टिकतातच). पहिल्या भागात एक खानावळवाला आमच्या नायकाला काबाल्येरोची थट्टेची दीक्षा देतो. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला किहोते आपल्या चाकराला, सांचोला, विचारतो, गावात माझ्याबद्दल काय बोलतात? सांचो सांगतो: इदाल्गो म्हणतात, चार द्राक्षवेली आणि वीतभर जमिनीवर हा नावाआधी 'दोन' (मानाची उपाधी) लावून काबाल्येरो कसा झाला? आणि काबाल्येरो म्हणतात, बुटांना काजळी फासणारे, काळ्या मोज्यांना हिरव्या रेशमाने रफू करणारे हे इदाल्गो आमच्या पंगतीत कशाला? दोन्हीकडून शिव्या. शीर्षकातला बदल त्यामुळे मला नुसता मान वाढवणारा वाटत नाही, त्यात डोळा मिचकावलेला आहे.

चिवडा

स्पेनला फिरायला गेलो होतो तेव्हा स्वच्छतागृहाच्या दारावर काबाल्येरोस लिहिलेलं होतं. एवढी सरदारकी, शेवटी इथे.

स्पॅनिशवेडी

:)) दुकानातसुद्धा म्हणतात की, 'बोला, काबाल्येरो, काय देऊ?' इदाल्गो मात्र कुणी म्हणत नाही, ना दुकानात, ना दारावर. माझा तिसरा प्रश्न राहिलाच.

अटलांटिकपार

मी मेक्सिकोत काही काळ होतो. एकोणिसाव्या शतकात करमाफी आणि खास हक्क कायद्यातून गेले, तेव्हापासून इदाल्गो ही व्यक्ती उरली नाही. उरला तो गुण, 'इदाल्गिया'. निवडणूक हरलेल्याने कुरकुर न करता हार मानली, फुटबॉलच्या प्रशिक्षकाने समोरच्या संघाचं कौतुक केलं, की वर्तमानपत्र लिहितं, 'इदाल्गियाने पराभव मान्य केला'. तुमचा शब्दकोशातला सद्गृहस्थ तो हा. कर गेल्यावर जन्मलेला.

मेक्सिकोत हा शब्द उच्चारला की आधी आठवतो मिगेल इदाल्गो, दोलोरेस गावचा पाद्री. १६ सप्टेंबर १८१० ला त्याने स्पेनविरुद्ध उठावाची हाक दिली. त्याच्या नावाचं राज्य आहे, गाव आहे, गावोगावी रस्ते आहेत. गुरूच्याही पलीकडे जाऊन येणारा एक लघुग्रहही आहे, ९४४ क्रमांकाचा, वाल्टर बाडे या खगोलशास्त्रज्ञाने १९२० मध्ये शोधलेला.

आणि मित्रांच्या बैठकीत कुणी 'इदाल्गो!' ओरडलं तर पेला एका दमात रिकामा करायचा. त्यामागे एक यमक आहे: इदाल्गो, इदाल्गो, जो 'अल्गो' (म्हणजे पेल्यात काहीतरी) शिल्लक ठेवील त्याच्या आईला... पुढचं संपादक मंडळ उडवेल.

खवट आजोबा

मराठीत काय म्हणणार मग? 'मानकरी' जवळ जातो, पण त्याला निदान नारळ तरी मिळतो. 'इनामदार' नको, त्याच्याकडे जमीन असते. 'घरंदाज' बरा, पण त्यात करमाफी नाही.

स्पॅनिशवेडी

मी इदाल्गोच ठेवणार आणि पहिल्या पानावर टीप देणार. पोथीनिष्ठ, एक शेवटचं. 'दोन' लावला म्हणून गाव चिडलं असं तुम्ही लिहिलंत. म्हणजे इदाल्गोला 'दोन' लावायचा हक्क नव्हता?

पोथीनिष्ठ

आपोआप नव्हता. तो वरच्यांचा मान, पण सेर्व्हान्तेसच्या काळात ज्याला त्याला हवा झालेला. सांचो बारातारिया नावाच्या बेटाचा राज्यपाल होतो तेव्हा तिथे लिहून ठेवलेलं असतं की आज 'दोन' सांचो पान्साने ताबा घेतला. तो विचारतो, हा दोन सांचो कोण? माझ्या सात पिढ्यांत कुणी दोन नव्हता, मी नुसता सांचो, बाप सांचो, आजा सांचो. या बेटावर दगडांपेक्षा दोन जास्त दिसतात. राज्य चार दिवस टिकलं तर हे दोन खुरपून काढीन, डासांसारखे छळत असतील.

तिरकस

या सांचोला मत देतो.